तीन औषधं, एक हस्ताक्षर

फॉर्म उघडला आणि नोंदबाईंचा चहाचा कप ओठांपर्यंत जाता जाता थांबला.

मजकुरात नवल वाटावं असं काही नव्हतं. साठीची स्त्री, नसांच्या दुखण्यावरची नवी गोळी, सुरू केल्यापासून बाराव्या दिवशी सकाळी बेशुद्ध. त्याखाली लक्षणं, एकाखाली एक: गुंगी, डोकेदुखी, तोंडाला कोरड, बोलताना अडखळणं, तोल जाणं, बेशुद्धी. असे फॉर्म महिन्याला दहा-पंधरा यायचे. बाई थबकल्या त्या अक्षरापाशी. मोत्याच्या दाण्यासारखं अक्षर, कुठे खाडाखोड नाही, रेघ सोडून एक वेलांटी खाली उतरलेली नाही.

हे अक्षर त्यांनी आधी पाहिलं होतं. तेही दोनदा.

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, औषध भांडाराला चिकटून, जिन्याखाली त्यांची खोली होती. दारावर ‘औषध दुष्परिणाम नोंदणी कक्ष’ अशी पाटी. पाटी लांबलचक आणि खोली दोन पावलांची. कोणत्या औषधाने कोणाला काय झालं ते इथे नोंदलं जायचं. एकाच औषधाबद्दल तक्रारी वाढल्या की वरच्या ऑफिसातून सगळ्या डॉक्टरांना सावधगिरीचं पत्र सुटायचं. बाईंनी बावीस वर्षं औषधांच्या खिडकीत काढली होती आणि गेली आठ इथे. सगळे त्यांना नोंदबाईच म्हणत, खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं.

फॉर्म डॉक्टरांनी भरावा किंवा पेशंटच्या घरच्यांनी. डॉक्टर मंडळी त्याचा कंटाळा करत आणि जे भरत, त्यांचं अक्षर त्यांचं त्यांनाही लागत नसे. त्यामुळे असा देखणा फॉर्म आला की बाईंचा दिवस बरा जायचा. दोन महिन्यांपूर्वी तर त्यांनी या अक्षराच्या मालकाला आभाराचं पत्रही धाडलं होतं.

आता त्या उठल्या. फॉर्म औषधाच्या नावाने कपाटात लागत, पेशंटच्या नावाने नव्हे. पेशंटची नुसती आद्याक्षरं असत. त्यांनी रक्तदाबाचं कपाट उघडलं, मग सांधेदुखीचं. दहा मिनिटांत तीन फॉर्म टेबलावर शेजारी शेजारी पडले होते.

तीन वेगळी औषधं. अक्षर एक, पत्ता एक, आद्याक्षरं तीच. चार महिन्यांत ही एकच बाई तिसऱ्यांदा कोसळली होती.

तीन औषधांचं एकमेकांशी नातं नाही, आणि तिन्ही एकाच माणसाला आडवं करतात? शिवाय तिन्ही फॉर्मांतली लक्षणं कशी अगदी रांगेत होती. आधी नेहमीची, मग कमी आढळणारी, शेवटी क्वचित दिसणारी. औषधाच्या डब्यात घडी घातलेलं माहितीपत्रक असतं, त्यात असतात तशी. आजारी माणूस असं सांगत नाही. तो जे सगळ्यात जास्त छळतं ते आधी सांगतो.

फोन वाजला. वरच्या ऑफिसातला साहेब होता.

“त्या नसांच्या गोळीचा फॉर्म बघितलात? सोमवारी पत्र काढतोय. अशी स्वच्छ केस वर्षात मिळत नाही.”

“पत्र दोन दिवस थांबवता येईल का?”

“कशासाठी?”

“फारच स्वच्छ आहे म्हणून,” बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

फॉर्मच्या तळाशी लिहिलं होतं: सध्या याच रुग्णालयात, वॉर्ड चार.

*

वॉर्ड चारच्या सिस्टर औषधांच्या ट्रॉलीवर वाकल्या होत्या. नोंदबाईंना वर आलेलं पाहून त्यांनी भुवया उंचावल्या.

“तुम्ही आणि जिना चढून? काय मोठं झालंय?”

“कोपऱ्यातली पेशंट कशी आहे?”

“विणकामाच्या मॅडम? बऱ्या आहेत. पाच वाजता घरी सोडतोय. खाटेला दुसरा पेशंट ठरलाय.”

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. साडेअकरा झाले होते.

“मंगळवारी आणलं तेव्हा कशी होती?”

“खोल गेलेली. रुग्णवाहिकेतल्या माणसाने वाटेतच ग्लुकोजची बाटली लावली होती, बेशुद्ध पेशंटला ते लावतातच. इथे पोचेपर्यंत पापण्या हलायला लागल्या. बाटली काढली की पुन्हा गुंगीत जायच्या. दीड दिवस असं चाललं.”

“साखर तपासली?”

“तपासली ना. चांगली होती. पण तोवर अर्धी बाटली आत गेली होती. आणि यांना साखरेचा आजार नाहीच मुळी. नव्या गोळीचा त्रास, असं नवऱ्याने पहिल्या दिवशीच लिहून दिलं. देवमाणूस आहे हो. डबा, पाणी, गोळ्या, सगळं वेळच्या वेळी.” सिस्टरांनी आवाज खाली आणला. “त्या नणंदेकडे मात्र बघा जरा. स्वतः साखरेची पेशंट, पिशवीत गोळ्यांचं दुकान, आणि येते ती वहिनीला चार शब्द सुनावूनच जाते.”

विणकामाच्या मॅडम उशीला टेकून बसल्या होत्या. चेहरा उतरलेला, पण बोटं गप्प नव्हती. चादरीच्या सुटलेल्या धाग्याला त्या नकळत गाठ मारत होत्या. तीस वर्षं त्यांनी मुलींना माग चालवायला शिकवलं होतं.

नोंदबाई खाटेच्या कडेला बसल्या. फॉर्म त्यांनी पिशवीतच ठेवला.

“मंगळवारी सकाळी काय झालं ते तुमच्या शब्दांत सांगा. पत्रकात काय आहे ते विसरा.”

मॅडम हसल्या. “मला कोणी विचारलंच नाही बघा. हेच सगळं लिहून देतात.” मग जरा आठवून म्हणाल्या, “आधी भूक लागली. साधी नाही, पोटात खड्डा पडल्यासारखी. मग घाम. पाठीवरून धारा. हात असे कापायला लागले की कपाची बशी वाजत होती. पुढचं नाही आठवत.”

“डोकं दुखत होतं?”

“नाही.”

“तोंडाला कोरड?”

“नाही हो. उलट तोंडाला पाणी सुटलं होतं, काहीतरी खावंसं वाटत होतं.”

“आधीच्या दोन वेळी?”

“तसंच. पण तेव्हा आक्का होत्या घरात. माझ्या नणंद. त्यांनी काहीतरी पाजलं आणि मी सावरले.”

“हा त्रास नेमका कधी होतो?”

मॅडमची बोटं थांबली. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “नशीबच खोटं माझं. दुसऱ्या गावात मुलींची विणकाम शाळा उघडतेय. दोन वर्षं मी तिथे राहून ती उभी करायची, असं ठरलंय. तीनदा निघायचं ठरलं. तिन्ही वेळा आदल्या दिवशी मी आडवी.”

“आता पुढे?”

“आता घरी जाऊन बॅग उचलायची आणि रविवारी निघायचं. काल संध्याकाळी यांना सांगून टाकलं. ते काही बोलले नाहीत. माझी फार काळजी करतात.”

उद्या शनिवार होता. नोंदबाईंनी मनातल्या मनात तो शब्द दोनदा म्हटला. ही बाई पाच वाजता त्याच घरात परत जाणार होती.

*

आक्का जेवणाच्या सुट्टीत आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, गुडघ्यांनी बेजार, जिभेने ठणठणीत. नोंदबाईंनी त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं.

“वहिनींनी त्या गावाला जावं असं तुम्हाला वाटत होतं?”

“मुळीच नाही. का वाटावं? या वयात घर सोडून कसली शाळा? माझ्या भावाचं खाणंपिणं कोण बघणार, मी? मला धड उठता येत नाही.”

“हे तुम्ही त्यांना बोलून दाखवलंत?”

“तोंडावर. मागून बोलायची सवय नाही मला.”

“सकाळचा चहा कोण करतं?”

“मी. का?”

“तुमच्या साखरेच्या गोळ्या कुठे असतात?”

“स्वयंपाकघरात, खिडकीत. बरणीशेजारी.” आक्कांचा आवाज उतरला. “त्यांचं एक विचित्रच झालंय. महिन्याच्या आणते, आणि तीन आठवड्यांत तळ दिसतो. भाऊ म्हणतो, आक्का, तू विसरतेस आणि दोनदा घेतेस. मी शपथेवर सांगते, मी विसरत नव्हते. पण इतक्यांदा ऐकल्यावर आता मलाच वाटायला लागलंय, डोकं चालेनासं झालं की काय माझं.”

म्हाताऱ्या डोळ्यांत खरी भीती होती.

“पहिल्या दोन वेळी तुम्ही वहिनींना काय पाजलंत?”

“साखरेचं पाणी. चांगलं चार चमचे घालून.”

“का बरं?”

“मला कधी कधी तसं होतं. गोळी घेतली आणि खायला उशीर झाला की घाम फुटतो, हात थरथरतात. मग मी तेच पिते. तिचे हात बघितले आणि मला तेवढंच सुचलं.”

“हे डॉक्टरांना सांगितलंत?”

“भाऊ म्हणाला, मी लिहून देतो सगळं. तो लिहिणारा माणूस, मी चार बुकं शिकलेली. माझं कोण ऐकतंय.”

“आणि मंगळवारी?”

“मंगळवारी मी घरात नव्हते ना. भावाने चष्म्याचा नंबर बघायला पाठवलं, सकाळी आठलाच. दुकान दहाला उघडतं. दोन तास पायरीवर बसून होते.” आक्कांनी नाक ओढलं. “मी असते तर ती एवढी खोल गेली नसती. आमचं पटत नाही, पण म्हणून काही…”

त्या गुडघ्यावर हात टेकत उठल्या.

*

तिन्ही फॉर्मांवर ज्यांची सही होती ते गृहस्थ तीन वाजता आले. अंगावर स्वच्छ सदरा, खिशाला दोन पेनं, खांद्याला कापडी पिशवी. छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासलेली. गल्लीत त्यांना प्रूफकाका म्हणत. त्यांच्या छापखान्यात औषधांची पत्रकंच छापली जात, त्यामुळे ती बारीक अक्षरं त्यांच्या डोळ्यांखालून हजारोंनी गेली होती.

नोंदबाईंनी नाव सांगताच ते उठून उभे राहिले.

“तुमचं पत्र आलं होतं. जपून ठेवलंय. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, शाबासकी मात्र तुम्हीच पहिली दिलीत.”

बाईंना कानकोंडं झालं. माणूस खरोखरच गोड होता.

“तुमचे फॉर्म फार नेटके असतात. लक्षणं पत्रकाच्याच क्रमाने लिहिता, नाही का?”

“हो. सवय. मूळ प्रत समोर ठेवायची आणि तिच्याबरहुकूम जायचं. पदरचं काही घालायचं नाही.”

“पत्रक समोर ठेवूनच लिहिता?”

“समोर कशाला लागतंय?” ते जरा अभिमानाने हसले. “पाठ असतं. मी हिला प्रत्येक नव्या गोळीचं पत्रक वाचून दाखवतो.”

“या नसांच्या गोळीचं म्हणून दाखवता?”

त्यांनी डोळे मिटले. एका लयीत, न अडखळता, शाळेतल्या मुलाने कविता म्हणावी तसं त्यांनी म्हटलं: “गुंगी, डोकेदुखी, वाढलेली भूक, तोंडाला कोरड, बोलताना अडखळणं, हातापायांना कंप, जास्त घाम, तोल जाणं, क्वचित बेशुद्धी.”

“वा,” नोंदबाई म्हणाल्या. “घरात गोळ्या कोण देतं त्यांना?”

“मीच. सात वारांची सात कप्प्यांची डबी आहे. रोज सकाळी उपाशीपोटी दोन. आता नसांची बंद केली, तिच्या जागी दुसरी, म्हणजे पुन्हा दोनच. कार्ड बघून मी कालच भरून ठेवली. घरी गेल्यावर घोळ नको.”

“त्या रविवारी निघणार म्हणतात.”

प्रूफकाकांनी पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

“म्हणते खरी,” ते म्हणाले. “पण तब्येतीने साथ दिली पाहिजे ना.”

*

नोंदबाई खाली आल्या. भांडारातून त्यांनी तिन्ही औषधांची पत्रकं आणली आणि एकेका फॉर्मशेजारी पसरली. पेन्सिल घेऊन एकेका शब्दावर खूण करत गेल्या. पत्रकात एक, फॉर्मात एक. पत्रकात दोन, फॉर्मात दोन. पहिल्या जोडीत पेन्सिल दोन ठिकाणी अडली. दुसऱ्या जोडीत एका ठिकाणी. तिसऱ्या जोडीत तीन.

त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. साडेचार होत आले होते.

वॉर्ड चारचे डॉक्टर तरुण होते, हुशार होते आणि घाईत होते.

“बाई, पेशंट ठणठणीत आहे. तुमच्या शंकेवर मी खाट अडवून ठेवू?”

“मंगळवारी आल्या आल्या घेतलेलं रक्त प्रयोगशाळेत आहे अजून?”

“असेल. का?”

“त्यात साखर उतरवणारी गोळी शोधायला सांगा.”

“तिला साखरेचा आजार नाही.”

“म्हणूनच.”

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. “त्याचा निकाल यायला चार दिवस लागतील.”

“तेवढा वेळ नाही आपल्याकडे. ती डबी आज त्यांच्या हातात आहे. उद्या सकाळी उपाशीपोटी ती गोळ्या घेईल. पाच मिनिटं द्या मला, सगळ्यांच्या समोर. चुकले तर उद्यापासून मी इथे येत नाही.”

*

वॉर्डाला लागून डॉक्टरांची लहान खोली होती. मॅडम खुर्चीत, शेजारी आक्का, दाराशी प्रूफकाका, त्यांच्या मागे सिस्टर. सगळ्यांना वाटत होतं, घरी न्यायच्या सूचना मिळणार.

“घरून आणलेल्या गोळ्या सुट्टीच्या वेळी तपासायचा नियम आहे,” सिस्टर म्हणाल्या. नोंदबाईंनी त्यांना तेवढंच सांगून ठेवलं होतं. “डबी द्या.”

“घरी गेल्यावर मी…” प्रूफकाका म्हणाले.

“द्या हो, एक मिनिटाचं काम,” म्हणत सिस्टरांनी पिशवीत हात घालून डबी काढलीही. डॉक्टरांच्या टेबलावर त्यांनी ती ठेवली. कप्पे बंदच होते.

“आधी मला थोडं बोलायचंय,” नोंदबाई म्हणाल्या. त्यांनी मॅडमकडे पाहिलं, कारण बोलायचं होतं ते खरं तिच्याशीच. “तुम्हाला तीनदा जे झालं, ते तीन औषधांमुळे झालं नाही. एकाच गोष्टीमुळे झालं. खड्डा पडल्यासारखी भूक, घामाच्या धारा, हातांना कंप. रक्तातली साखर एकदम उतरली की हेच होतं. आक्कांनी साखरेचं पाणी पाजलं आणि तुम्ही उठलात. मंगळवारी ग्लुकोजची बाटली लागली आणि तुम्ही डोळे उघडलेत. ज्याला साखरेचा आजार नाही, त्याची साखर अशी आपोआप उतरत नाही. उतरवणारी गोळी पोटात जावी लागते.”

सगळ्यांच्या नजरा आक्कांकडे गेल्या. म्हातारीचा चेहरा पांढराफटक पडला.

“गोळ्या माझ्याच,” ती पुटपुटली. “चहाही मीच करते. म्हणजे मी विसरून तिच्या कपात…”

“नाही आक्का. तुम्ही काहीही विसरत नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. तुमच्या गोळ्या लवकर संपत होत्या, कारण त्या कोणीतरी उचलत होतं. आणि तुम्ही हे करणाऱ्या असतात तर साखरेचं पाणी कशाला पाजलं असतं? ज्याला त्यांना पाडायचंय, तो उतारा देत नाही. तुम्ही दोनदा खेळ मोडलात. म्हणून तिसऱ्या वेळी तुम्हाला घरात ठेवलं नाही. दहाला उघडणाऱ्या दुकानात आठला पाठवलं.”

आक्कांनी हळूहळू मान वळवली आणि भावाकडे पाहिलं.

“बाई,” प्रूफकाका शांतपणे म्हणाले, “मी तिन्ही वेळा स्वतः कळवलंय. लपवणारा माणूस कळवतो का?”

“मीही तेच म्हणत बसले होते, म्हणून इतका उशीर झाला. पण तुम्ही कळवलंत म्हणूनच कोणी पुढे बघितलं नाही. दुष्परिणाम म्हटलं की आम्ही औषध बदलतो, फॉर्म कपाटात टाकतो आणि आभाराचं पत्र लिहितो. मी लिहिलं. त्याची मला लाज वाटते.” त्यांनी फॉर्म आणि पत्रकं टेबलावर मांडली. “तुम्ही सांगितलंत, मूळ प्रतीबरहुकूम जायचं. पत्रक तुम्ही मला घडाघडा म्हणून दाखवलंत, नऊ लक्षणं. फॉर्मात सहाच आहेत. गेलेली तीन कोणती? भूक, कंप, घाम. सांधेदुखीच्या पत्रकातला फक्त घाम गेलाय. रक्तदाबाच्या पत्रकातले घाम आणि कंप. बाकी सगळं जसंच्या तसं, क्रमाने.”

“ती लक्षणं हिला नव्हती. नसलेलं मी कसं लिहू?”

“अहो,” मॅडम म्हणाल्या. पहिल्यांदाच बोलल्या. “तेवढीच तर होती. तुम्हीच माझी पाठ पुसत होतात.”

डॉक्टर फॉर्मावर वाकले.

“डोकेदुखी नव्हती, ती लिहिली,” नोंदबाई म्हणाल्या. “कोरड नव्हती, तीही लिहिली. जी होती ती गाळली, कारण ती वाचून कोणत्याही डॉक्टरला साखर आठवली असती. चाळीस वर्षांत ज्याच्या हातून शब्द सुटला नाही, त्याच्या हातून तिन्ही कागदांत नेमके तेच शब्द सुटावेत? चुकून सुटले असते तर वेगवेगळे सुटले असते. म्हणून दाखवताना सवय बोलली, ती खोटं बोलू शकली नाही. सिस्टर, शनिवारचा कप्पा उघडा.”

“आजचा नको?”

“शनिवारचा. त्या रविवारी निघणार आहेत.”

सिस्टरांनी आधी शुक्रवारचा उघडला. त्यात दोन गोळ्या. रविवारचा उघडला. दोन. मग शनिवारचा. दोन गोळ्या आणि त्यांच्याखाली एक पांढरी अर्धी गोळी, मधोमध मोडलेली.

आक्का पुढे वाकल्या. त्यांना चष्मा लागला नाही. “ही माझी आहे,” त्या म्हणाल्या. “हिच्यावर मधोमध रेघ असते. बाळ, ही माझी गोळी आहे रे.”

डॉक्टरांनी डबी आपल्याकडे ओढून घेतली आणि सिस्टरांना डोळ्याने फोनाकडे खुणावलं.

प्रूफकाका भिंतीला टेकून उभे होते. आरोपाला उत्तर द्यायचं सोडून ते बायकोकडेच बघत होते.

“अर्धीच ठेवली होती या वेळी,” ते म्हणाले. “मागच्या वेळी जास्त झाली. ते माझं चुकलं.”

“का?” मॅडमनी विचारलं.

“दोन वर्षं म्हणालीस. संध्याकाळी घरात कोणाशी बोलायचं? आक्का आठला झोपते. मला तुला मारायचं नव्हतं गं. फक्त तू थांबावीस एवढंच होतं. आजारी असलीस की थांबतेस.”

आक्का तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. सिस्टर फोनवर हळू आवाजात पोलिसांना पत्ता सांगत होत्या.

मॅडम उठल्या. त्यांनी टेबलाची कड धरली. नोंदबाईंनी आधार द्यायला हात पुढे केला, पण तो त्यांनी घेतला नाही.

“तीन वेळा मी तुमच्या हातून पाणी घेऊन ती गिळली,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “मला वाटायचं, एवढ्या मायेने कोणाचा नवरा गोळी देतो. मी मुलींना सांगायचे वर्गात. आणि त्या बिचाऱ्या आक्कांना तुम्ही वेडं ठरवत होतात. मला राग येतोय का दुःख होतंय, मला कळत नाहीये. पण तुमची भीती वाटतेय एवढं नक्की कळतंय.”

प्रूफकाकांनी मान खाली घातली. मग ती वर करून, अगदी रोजच्या आवाजात, संध्याकाळच्या स्वयंपाकाचं विचारावं तसं त्यांनी विचारलं, “म्हणजे मग रविवारी जाणार तू?”

मॅडमनी टेबलाची कड सोडली.

“जाणार,” त्या म्हणाल्या. “आणि आक्का माझ्याबरोबर येणार. त्या घरात मी त्यांना एकटीला ठेवणार नाही.”

आक्कांचं रडणं थांबलं. “मी? तिथे येऊन मी काय करू?”

“चहा करा,” मॅडम म्हणाल्या. “तुमच्या हातचा पिईन मी.”

पाच वाजले होते. डॉक्टरांनी सुट्टीचा कागद फाडला आणि खाट रविवारपर्यंत राखून ठेवायला सांगितलं. पोलीस येईपर्यंत प्रूफकाका बाहेरच्या बाकावर बसून होते, आणि त्यांच्या शेजारी कोणीही बसलं नाही.